दोन ठोके

१

गिटार घरी आली की मी ती लगेच उघडत नाही. पेटी खोलीत आडवी ठेवतो आणि चोवीस तास तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. रस्त्यातलं ऊन, गारवा, ट्रकमधले धक्के, सगळं लाकडात मुरलेलं असतं, ते निवू द्यावं लागतं. हल्लीचे परीक्षक पेटी आली की कॅमेऱ्यासमोर तिच्यावर तुटून पडतात. त्यांचं त्यांना लखलाभ. मी सत्तावीस वर्षं मासिकात गिटारींचं परीक्षण लिहितोय आणि हा नियम एकदाच मोडलाय. ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पेटी उघडायची. आधी अँप्लिफायर न लावता, नुसत्या लाकडाचा आवाज. सहा तारा, दांडीवरच्या चोवीस पट्ट्या, एकेक सूर दाबून ऐकायचा. मग वजन, मग स्विच, मग अँप, आधी हळू आणि मग शेजारी भिंत बडवेपर्यंत. हे सगळं रेकॉर्डरवर जातं. काय करणार ते मी आधी बोलतो, करतो, आणि काय ऐकू आलं ते पुन्हा बोलतो. दुपारी जेवण झालं की ते ऐकत ऐकत लेख टाइप करतो. आत्ताही मी बोलतोच आहे. हात थरथरतात म्हणून नव्हे, सवय म्हणून.

खोली लहान आहे, दहा बाय आठ. खिडकी नाही. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना आणि छताला गडद निळं मखमली कापड लावलंय. गिटारच्या पेट्यांना आतून लावतात तेच. ते माझ्या मोठ्या भावाने, दादाने, लावून दिलं. त्याच्याकडे दोन तागे उरले होते. दार लावलं की स्वतःचा श्वासही परका वाटतो. मला हे आवडायचं.

मला खरं तर वादक व्हायचं होतं. बोटं साथ देईनात, कान मात्र देवाने दिला. मग कानावरच पोट भरायचं ठरवलं. माझ्या एका पानावर दुकानदार मागणी नोंदवतात किंवा रद्द करतात. लोक मला तोंडावर ‘गुरुजी’ म्हणतात आणि पाठीमागे ‘खवट’. दोन्ही मला चालतं.

२

या वेळची गिटार मोठ्या कंपनीची होती. तिचं यंदाचं सगळ्यात महागडं मॉडेल. संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, चार पानं देते. एकच गिटार घेऊन सगळी कामं करणाऱ्यांसाठी ती आहे. आज हॉटेलात हळुवार, उद्या कॉलेजच्या मैदानात कानठळ्या, परवा स्टुडिओत कोणाच्या तरी गाण्यामागे. अशा माणसाला ती खरंच पुरेल का, एवढं बघा. आणि या वेळी जरा खवटपणा आवरा, असंही हसत म्हणाल्या.

मी हो म्हणालो. पण गिटार यायच्या आधीच मी तिची वाट लावायची ठरवलं होतं.

मला सूड हवा होता. सरळच सांगतो, आडपडदा कशाला. दादा गिटारी बनवायचा, एकटा, घरामागच्या शेडमध्ये. दांडी आणि धड जोडायचा एक सांधा त्याने शोधून काढला होता. तो सांधा डोळ्यांना दिसायचा नाही आणि बोटांना लागायचा नाही. हात थेट शेवटच्या पट्टीपर्यंत लोण्यासारखा जायचा. दादाची शेड बंद पडली तेव्हा याच कंपनीने त्याला कामगार म्हणून घेतलं, दांड्या बसवायच्या विभागात. वर्षभरात तो सांधा कंपनीच्या माहितीपत्रकात झळकला, ‘आमचं संशोधन’ म्हणून. दादाचं नाव कुठेच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिथेच, जेवणाच्या सुट्टीत, स्टुलावर बसल्याबसल्या तो गेला. समोर शिकंज्यात दांडी आवळलेली तशीच होती.

शेड का बंद पडली, हेही सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी दादाची एक गिटार परीक्षणासाठी माझ्याकडे आली होती. तिचा सांधा उघडलेला निघाला. मी जे दिसलं ते लिहिलं. भाऊ म्हणून झुकतं माप दिलं असतं तर माझ्या शब्दाला काय किंमत राहिली असती?

दादाची एक सवय होती. गिटार पूर्ण झाली की ती पालथी धरून पाठीवर मधल्या बोटाच्या पेराने ठोका द्यायचा आणि कान लावायचा. एकच ठोका दिला म्हणजे काम झालं, गिटार पेटीत जायची आणि पेटीचे तीन खटके लागायचे, आधी मधला, मग दोन्ही बाजूंचे. काही खटकलं तर लागोपाठ दोन ठोके. दोन म्हणजे परत टेबलावर. लहानपणी तो माझ्याही पाठीवर असेच ठोके द्यायचा. थाप मारली की दोन. माझ्या थापा त्याला नेहमी कळायच्या.

३

गेल्या बुधवारी सकाळी दहाला पेटी उघडली. वर तपासणीचं कार्ड होतं आणि त्यावर वहिनींची सही. दादा गेल्यावर कंपनीने त्यांना शेवटच्या तपासणीवर घेतलंय. गिटार बाहेर जाण्याआधी ती शेवटची बघतात त्या वहिनी. कार्ड मी बाजूला ठेवलं. त्या सहीकडे बघत काम करणं जमलं नसतं.

गिटार गर्द हिरवी. धड एकसंध, भरीव, आत कुठेही पोकळी नाही. दांडी भाजलेल्या लाकडाची, हाताला कोरडी आणि ऊबदार. पट्ट्या पोलादी, टोकं इतकी घासलेली की तळहात फिरवला तरी बोचत नव्हती. मी खोट शोधायला बसलो होतो आणि खोट सापडेना. सूर खालपासून वरपर्यंत चोख. एका स्विचने आवाज जाड व्हायचा, दुसऱ्याने काचेसारखा पातळ, आणि दोन्हीकडे खोटेपणा नाही. तारा कितीही ओढल्या तरी स्वर जागेवर परत. आणि दांडीवरून हात थेट शेवटच्या पट्टीपर्यंत लोण्यासारखा गेला. सांधा दादाचा होता.

मला भयंकर राग आला. इतकी चांगली वस्तू या चोरांनी करावी?

मग मी रेकॉर्डरसमोर बसून बोललो. वजन तीन किलो दोनशे. पट्ट्यांचं काम निर्दोष. एवढं खरं बोललो. पुढे म्हणालो, दांडी हलते. वरच्या पट्ट्यांवर सूर फाटतो. सांधा कच्चा आहे, वर्षभर टिकणार नाही.

जेवून आल्यावर ऐकायला बसलो. वजन, पट्ट्या, माझाच किरकिरा आवाज. ‘दांडी हलते,’ मी म्हणालो, आणि मागे दोनदा वाजलं. टक टक. ‘सूर फाटतो.’ टक टक. ‘सांधा कच्चा आहे, वर्षभर टिकणार नाही.’ टक टक, या वेळी जरा जवळून.

बोलताना खोलीत असा आवाज झालेला नव्हता. इतकं मला कळतं.

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आवाज आहे म्हणजे कारण आहे. वायर बदलली. मायक्रोफोन बदलला. शेजारच्या आजोबांना विचारलं, खिळे ठोकत होतात का. ते म्हणाले, तुमचा धांगडधिंगा ऐकून डोकं ठोकतोय. नळ बंद केला, पंखा बंद केला, गिटार स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. नवीन रेकॉर्डर घेऊन पुन्हा बोललो. खरं बोललो तिथे काही नाही. खोटं बोललो तिथे दोन.

मग मला चेव आला. म्हणालो, ही गिटार निळी आहे. ऐकलं, टक टक. हिरवी आहे. शांत. मला सहा बोटं आहेत. टक टक. मी उत्तम वादक आहे. टक टक. यावर मला हसू फुटलं, आणि त्या मखमलीच्या खोलीत ते हसू ऐकून मीच गप्प झालो.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. ठोका लाकडावरचा होता, गिटारच्या पाठीवरचा. ही गिटार भरीव. मी स्वतः तिच्या पाठीवर ठोकून पाहिलं, दगडासारखा मुका आवाज आला. रेकॉर्डिंगमधला ठोका पोकळ होता. आत जागा असलेल्या वस्तूवर कोणीतरी मारलेला.

शुक्रवारी दुपारी, कसं कोण जाणे, मी रेकॉर्डरला म्हणालो, ‘दादाची गिटार मी आली तशी तपासली.’

ऐकायचा धीर संध्याकाळपर्यंत झाला नाही. ऐकलं तेव्हा वाक्य पूर्ण व्हायच्या आतच ठोके पडले होते.

५

शनिवारी वहिनींचा फोन आला. त्या फारशा फोन करत नाहीत. आधी तब्येतीची विचारपूस झाली, मग गिटार उघडलीत का म्हणाल्या. मी म्हणालो, उघडली.  मग सांगायला लागल्या की त्या गिटारची दांडी दादाने शेवटच्या दिवशी शिकंज्यात आवळलेली आहे. ती तीन वर्षं सांभाळून ठेवली होती. परीक्षणाला गिटार जाणार म्हटल्यावर त्यांनी साहेबांच्या नाकदुऱ्या काढून तीच बसवून घेतली आणि आग्रहाने माझ्याकडे पाठवायला लावली. कार्डावर सही त्यांची आहे, तेव्हा काही कमीजास्त निघालं तर नोकरी त्यांची जाणार, हेही त्यांनी सांगितलं. तक्रारीच्या सुरात नव्हे, बसची वेळ सांगावी तसं.

 मी कंपनीची मुंडी मुरगळायला निघालो होतो आणि हातात मुंडी दादाच्या बायकोची येत होती. दुसऱ्यांदा त्याच घराची.

मग मला राहवलं नाही. नऊ वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर पडलं. मी वहिनींना सांगितलं की दादाची गिटार आणताना मी वाटेत एका मित्राकडे जेवायला थांबलो, आणि गिटार गाडीत विसरलो. भर उन्हात, तीन तास. दादा सांधा चिकटवायला सरस वापरायचा, जनावरांच्या खुरांचा, जुन्या पद्धतीने शिजवलेला. तापलेल्या गाडीत सरस पातळ होतो. घरी येऊन पेटी उघडली तर सांध्याला फट. मी चोवीस तास थांबलो नाही, कोणाला विचारलं नाही, बसून लिहिलं की कारागिराने घाई केली.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

‘ठाऊक आहे, भाऊजी,’ त्या म्हणाल्या. ‘गिटार परत आली त्याच दिवशी ह्यांनी सांधा उघडून बघितला. सरसाला तार सुटली होती. नुसता कच्चा असता तर कोरडा तुटला असता, म्हणाले. हा उन्हात तापलाय.’

‘मग दादा बोलला का नाही?’

‘म्हणाले, तो सांगेल. शेड विकली तेव्हाही म्हणाले. शेवटी शेवटी म्हणायचे, त्याच्याकडून वदवून घेईन.’

त्यांच्या आवाजात चढउतार नव्हता. फोन ठेवताना तब्येतीला जपा म्हणाल्या.

६

रविवारी मी लेख लिहिला. मनापासून लिहिला, हे मान्य करायला हवं. सगळ्या प्रकारचं वाजवणाऱ्याला एकच गिटार घ्यायची असेल तर हीच घ्यावी, असं लिहिलं. सांधा कोणाचा हे नावानिशी लिहिलं. शेवटी चौकट टाकली: नऊ वर्षांपूर्वी मी एका गिटारला नावं ठेवली, दोष तिचा नव्हता, मी ती उन्हात गाडीत विसरलो होतो, त्या कारागिराची आणि त्याच्या घरच्यांची क्षमा मागतो. संपादकबाईंचा उलट फोन आला, तुम्हाला बरं वाटतंय ना? मी म्हणालो, बरं वाटतंय. कंपनीला मिरच्या झोंबणार, वहिनींची नोकरी राहणार, दादाचं नाव धुऊन निघणार. सूडही झाला आणि पापही फिटलं.

आज सोमवार. आज सकाळी, पुरावा म्हणा किंवा मनाची शांती म्हणा, हे सगळं पहिल्यापासून रेकॉर्डरवर बोलून ठेवायचं ठरवलं. गिटार समोर स्टँडवर आहे. इथवर जे बोललो ते आता ऐकतो आणि मग पुढे बोलतो.

७

ऐकलं.

सुरुवातीला ‘सवय म्हणून’ म्हणालो तिथे दोन पडले. ठीक आहे, हात थरथरतात, मान्य. ‘जे दिसलं ते लिहिलं’ इथे दोन. तेही अपेक्षित होतं. पुढे बराच वेळ शांत. कंपनी, सही, वहिनी, सगळं शांत. मी हळूहळू सैल होत होतो.

मग वहिनींना सांगितलेलं आलं. गिटार गाडीत विसरलो. टक टक. चौकटीतलं वाक्य. विसरलो होतो. टक टक.

मी पाच वेळा मागेपुढे करून ऐकलं. आधीच्या दोन आणि या दोन जागा सोडून बाकी सगळं स्वच्छ.

खोली तापली आहे. दुपारचे साडेबारा झालेत, पण या खोलीला खिडकी नाही, इथे ऊन कधीच येत नाही. भिंतीचं कापड हाताला चटका देतंय. आणि वास येतोय. सरस शिजताना येतो तो, खूर उकळल्यासारखा. या गिटारमध्ये सरस नाही, कंपनी कधीच वापरत नाही. मी उठून दार ढकललं. ते फुगलंय म्हणा किंवा अडकलंय म्हणा, हलत नाही.

बरं. बोलतो. दादा, ऐकतोयस ना? बोलतो.

त्या दिवशी शेडमध्ये तू ती गिटार आधी स्वतः वाजवून दाखवलीस. तू कोणाकडे शिकला नव्हतास. तू डोळे मिटून पाच मिनिटं वाजवलंस आणि मला कळलं की मी जन्मभर ज्याच्यासाठी बोटं सोलून घेतली, ते तुझ्याकडे पडल्यासारखं होतं आणि तुला त्याचं काहीच नव्हतं. तू हसून गिटार पेटीत ठेवलीस, एक ठोका दिलास, खटके लावलेस. म्हणालास, खरं तेच लिही हं. वाटभर माझं अंग जळत होतं.

मित्राच्या दारात गाडी लावली. झाडाखाली सावलीत जागा होती. मला दिसली होती. मी गाडी उन्हात घेतली, काचा वर केल्या, आणि वर जाऊन तीन तास जेवलो. मधे दोनदा गॅलरीतून बघितलं की ऊन अजून गाडीवर आहे ना.

झालं. याच्या खाली काही नाही.

दोन पडतील म्हणून मी श्वास रोखून थांबलो. पडले नाहीत. हेडफोन टेबलावर आहेत, रेकॉर्डर पुढे चालतोय, मी काही ऐकत नाहीये, आणि तरी आता ठोका आला. एकच. रेकॉर्डरमधून नव्हे. माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, बोटाच्या पेराने. आवाज पोकळ आला.

वळलो तेव्हा स्टँडवर गिटार नव्हती. स्टँडमागे कापडावर कोपराएवढ्या उंचीवर काहीतरी मागे सरकलं, बाहीला भुसा लागलेला हात असावा तसं. मग नुसतं निळं कापड, आणि तेही पूर्वीपेक्षा जवळ.

दाराबाहेर काहीतरी लागल्याचा आवाज झाला. या दाराला बाहेरून कडी नाही. मधोमध वाजलं, खटकन.

आता डावीकडचं.